वाळवंटातलं टाकं
(मंडळाच्या श्रावणातील कार्यक्रमात केलेलं भाषण)



मी काही वक्ता नव्हे. सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलो, आणि नोकरी मिळाली ती खेड्यांच्या पाणीपुरवठ्याची. आजवर बोललो ते ग्रामपंचायतीच्या बैठकीत, तेही लोकांची बोलणी खात खात. पण राजस्थानच्या सहलीबद्दल बोलाच, असा आग्रह झाला म्हणून उभा आहे.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही ३८ जण एका बसनं निघालो. सत्तरीची माझी आईही होती. बेळगावातून निघून निपाणीला थांबलो, तिथं आणखी पाहुणे चढले. 'आमच्या गावाचं नावच नि-पाणी, आम्हाला वाळवंटाची कसली भीती?' हा त्यांचा विनोद पार पुण्यापर्यंत चालला. बरोबर आचारी, गॅसची शेगडी, ज्वारीचं पीठ, ठेचा, कुंद्याचे डबे आणि पाण्याचे दोन मोठे ड्रम. पुणे, सुरत, अहमदाबाद, पालनपूर करत चौथ्या दिवशी बाडमेरला मुक्काम केला.

बाडमेर ते जैसलमेर साधारण दीडशे किलोमीटर. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूला वाळू, खेजडीची झाडं, मधूनच उंट. शीव गाव मागं पडलं आणि थोड्या वेळानं बसच्या पुढून वाफ यायला लागली. रेडिएटरचा पाईप फुटला होता. ड्रायव्हरनं ट्यूबची पट्टी कापून पाईप घट्ट बांधला आणि म्हणाला, "आता पाणी द्या." ड्रम बघितले तर दोन्ही रिकामे! सकाळी भांडी धुतली, पोरांच्या आंघोळी झाल्या. आणि सांगायला लाज वाटते, मी स्वतः त्यातल्याच पाण्यानं बूट धुतले होते.

दूरवर एक वस्ती दिसली. तिकडं अशा वस्तीला ढाणी म्हणतात. मी, ड्रायव्हर आणि आई कॅन घेऊन गेलो. आईला नको म्हटलं, पण ती ऐकते कुठं? घरापुढं गोल कट्टा, त्यावर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. हा टांका. आपल्या गडांवर पाण्याचं टाकं असतं, तोच शब्द. भोवतीचं अंगण मधल्या टांक्याकडे उतरतं केलेलं असतं, त्याला आगोर म्हणतात. पाऊस पडला की सगळं पाणी वाहत टांक्यात उतरतं.

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरी तेच धुतलेले बूट घालून सरळ आगोरात शिरलो. घरातून एक म्हातारी ओरडतच बाहेर आली. तिची मारवाडी मला कळली नाही, पण बोट बुटांकडे होतं. आई मात्र अगोदरच चप्पल बाहेर काढून उभी होती.

म्हातारीनं आधी आम्हाला प्यायला पाणी दिलं. मग कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं आणि दोरीच्या बादलीनं आमचा २० लिटरचा कॅन भरून दिला. पैसे पुढं केले तर तिनं तोंडच फिरवलं. आई तिच्याजवळ कट्ट्यावर बसून होती. एकीला मराठी-कन्नड येतं, दुसरीला मारवाडी. पण दोघींचं बोलणं काही थांबेना.

परतताना आई म्हणाली, "आपल्या आडालाही असाच कट्टा होता. तूच बुजवलास."

खरं आहे. शहापुरातल्या आमच्या घरी आड होता. गाडी लावायला जागा हवी म्हणून आठ वर्षांपूर्वी मी त्यात राडारोडा टाकून वर काँक्रीट केलं. नळ आला, बोअर मारली, आड कशाला? नोकरीतही माझं उत्तर तेच : विहीर आटली की नवी बोअर.

पुढं जैसलमेरचा किल्ला पाहिला. ११५६ साली रावळ जैसलनं वसवलेला, आजही आत माणसं राहतात. पूर्वी तिथं पाणी घागरीनं वर चढायचं. नळ आले, हॉटेलं झाली, सांडपाणी मुरू लागलं आणि पायथा भिजून काही बुरूज ढासळले. पाण्यावाचून नव्हे, पाण्यानं! तनोटच्या वाटेवर इंदिरा गांधी कालव्याचं पाणीही दिसलं. १९५८ साली त्याचं काम सुरू झालं. पंजाबातल्या हरिकेहून सतलज-बियासचं पाणी इथवर येतं. मोठंच काम, पण त्याच कालव्यानं वरच्या जिल्ह्यांत काही जमीन पाणथळही झाली.

आता थोडा हिशोब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. जैसलमेरकडे वर्षाला २०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस. शंभर चौरस मीटर आगोरावर वीस हजार लिटर पडतं, काही मुरतं, काही उडतं, उरलेल्याला कुलूप. आपल्या बेळगावात हजार मिलिमीटरच्या वर पडतो. तेवढ्याच छपरावर लाखभर लिटर. ते सगळं गटारात जातं, आणि मे महिन्यात आपण टँकरची वाट बघत बसतो.

गेल्या एप्रिलमध्ये काँक्रीट फोडलं. राडारोडा आणि गाळ उपसायला एकोणीस दिवस लागले. गाडी आता गल्लीत उभी असते, त्यावरून घरात थोडी कुरबूर आहे. छपराचं पाणी गाळणीतून आडात सोडलंय. आज बारा फूट पाणी आहे. पिण्याजोगं आहे की नाही, ते तपासणीनंतर कळेल. तूर्त धुण्याला आणि झाडांना होतं.

आईनं आडावर जाळी बसवून घेतली आणि तिला कुलूप लावलं. किल्ली तिच्या कमरेला असते. पाणीपुरवठ्यातल्या मुलाला मागून घ्यावी लागते, आणि आधी चप्पल काढावी लागते.