पुतळ्यातल्या कामकरणी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



कारखान्यातल्या कष्टाचे स्मारक म्हटले की डोळ्यांपुढे पुरुषच येतो. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देवीप्रसाद रॉयचौधुरींचे १९५९ सालचे शिल्प आहे. प्रचंड शिळा हलवणारे चार मजूर, चौघेही पुरुष. शिल्प उत्तमच आहे. पण मला सांगायचे आहे ते विलायतेतल्या शेफील्डच्या दोघींविषयी.

शेफील्ड म्हणजे पोलादाचे शहर. तिथल्या चाकूकात्र्या आपल्याकडेही नावाजलेल्या. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, आणि डिसेंबर १९४१ मध्ये सरकारने तरुण अविवाहित स्त्रियांनाही कायद्याने युद्धकार्याला बांधून घेतले. कालच्या पोरीसोरी उंचावरच्या क्रेन चालवू लागल्या, रसरशीत पोलादाशेजारी रात्रपाळ्या करू लागल्या. पगार मात्र पुरुषांहून कमी! युद्ध संपले, पुरुष परतले, आणि यांना घरी पाठवण्यात आले. पुढे साठ-पासष्ट वर्षे कुणी नाव काढले नाही.

२००९ साली कॅथलीन रॉबर्ट्स या आजीबाईंनी गावच्या वर्तमानपत्राला सरळ फोन केला. किट सॉलिट, रूबी गॅस्कॉइन, डोरोथी स्लिंग्ज्बी या त्यांना मिळाल्या. वर्गणी जमली. १७ जून २०१६ रोजी नगरसभागृहासमोर मार्टिन जेनिंग्ज यांनी घडवलेला ब्राँझचा पुतळा उभा राहिला. कामाच्या पोशाखातल्या दोघीजणी, हातात हात गुंफलेल्या. ना तलवार, ना सिंहासन. नुकतीच पाळी सुटली असावी, अशा! मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, ज्यांचा पुतळा, त्यांतल्या काहींना तो डोळ्यांनी पाहता आला.

आता आपल्या गिरणगावाकडे येते. वायडिंग आणि रीळिंग खाती बायकांनी भरलेली असत, वर नायकीण असे. पुढे यंत्रे बदलली, तसतशा बायका कमी होत गेल्या. १९८२ च्या संपानंतर तर गिरण्याच गेल्या. माझ्या सासूबाई वायडिंगला होत्या. कामावर लुगड्याचा काष्टा कसा घट्ट मारीत, पदर कुठे खोचीत, हे त्यांनी मला करून दाखवले होते म्हणून मला ठाऊक. उद्या कुणी शिल्पकार विचारायला आला, तर त्याला हे कोण सांगणार?

आपल्या मंडळात गिरणीत राबलेल्या काही मावश्या आज समोर बसल्या आहेत. येत्या मंगळवारी दुपारी मी वही घेऊन येते. मावश्यांनो, तुम्ही फक्त बोला. लिहून मी घेईन. घरी जुना फोटो, हजेरीचे कार्ड, काहीही असले तर तेवढे बरोबर आणा.