घ आणि ध

पांच-सहा वर्षांचें मूल पुस्तक घेऊन बसतें. 'भाऊ आला' असें छापलेलें असतां तें मोठ्यानें वाचतें, "माऊ आला." घरांतील मोठीं माणसें हंसतात. दुसऱ्या दिवशीं 'धन' या शब्दाचें 'घन' होतें, तेव्हां हंसणें थांबतें आणि "लक्ष कोठें असतें तुझें?" असा प्रश्न येतो. तिसऱ्या खेपेस पाठींत धपाटा बसतो. त्या धपाट्यानें अक्षर ओळखूं येत नाहीं. पुस्तक मात्र नकोसें होतें.

वास्तविक त्या मुलाचें लक्ष पुस्तकांतच असतें. जन्मल्यापासून त्याच्या डोळ्यानें एक नियम आत्मसात केलेला असतो, कीं किरकोळ फरकानें वस्तु बदलत नाहीं. तांब्याला पोंचा पडला तरी तो तांब्याच. कपाचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, कप तो कपच. अक्षरांच्या राज्यांत हा नियम चालत नाहीं. तेथें एवढीशी गांठ दिसली, कीं घराचा 'घ' जाऊन धनुष्याचा 'ध' येतो. हा नवा कायदा मुलाला कोणीं समजावून सांगितलेला नसतो.

तो समजावणें अवघड नाहीं. देवनागरींतील पुष्कळशी गल्लत दोन ठिकाणीं होते. पहिलें ठिकाण डोक्याचें. घ, म, य यांची शिरोरेघ अखंड असते. ध, भ, थ यांची डावीकडे तुटलेली असून तेथें गांठ असते. दुसरें ठिकाण पोटाचें. 'व'च्या पोटांत तिरकी रेघ आली कीं 'ब', आणि 'प'च्या पोटांत आली कीं 'ष'. फरक नेमका कोठें पाहावा हें कळलें, म्हणजे अर्धें काम झालें.

येथें मोठ्या माणसांनीं आपला हातही तपासावा. शब्द लिहून झाल्यावर पुष्कळजण त्यावर एका दमांत सरळ रेघ ओढतात. तिच्याखालीं 'ध'चें मोकळें डोकें झांकलें जातें आणि कित्त्यांतच त्याचा 'घ' होतो. मूल दिसतें तेंच वाचतें; दोष कित्त्याचा असतो.

जुळीं अक्षरें एकाच दिवशीं शिकवूं नयेत. घागर, घंटा, घोडा यांतून 'घ' पक्का होऊं द्यावा. कांहीं दिवसांनीं 'ध' आणावा. दोन्ही ओळखीचीं झालीं, मगच तीं शेजारीं मांडून "वेगळें काय, तें दाखव" असें म्हणावें. १९०७ सालीं रोममध्यें बालगृह काढणाऱ्या डॉ. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतींत खरखरीत कागदाचीं अक्षरें बोटानें गिरविण्यास देतात. डोळ्याला निसटलेली गांठ बोटाला लागते.

नीट शिकवूनही दुसरी-तिसरीपर्यंत गोंधळ टिकला, तर तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. तो आळस नव्हे. एरवीं मूल चुकलें तर उत्तर सांगूं नये, रागेंही भरूं नये. "माऊ आला, कीं आली?" एवढेंच विचारावें. मूल थबकतें, अक्षराच्या डोक्याकडे पुन्हा पाहतें, आणि आपणच हंसून म्हणतें, "भाऊ!"