स्पिरिटच्या दिव्यापासून पेट्रोलपंपापर्यंत

नागपुरात ऑगस्ट २०१४ मध्ये इथेनॉलवर चालणारी स्कॅनियाची बस रस्त्यावर उतरली. तिच्या इंधनात सुमारे ९५ टक्के इथेनॉल होते. धूर कमी म्हणून बसचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. टाकीचे गणित मात्र निराळे. लिटरभर डिझेलमधून सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर इथेनॉलमधून २१. तेवढ्याच ऊर्जेसाठी १.७ लिटर इथेनॉल लागते.

हा फरक येतो कुठून? एक मोल मेथेनॉल जळताना ७२६ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. इथेनॉलची १३६७, प्रोपेनॉलची २०२१, ब्युटेनॉलची २६७६. साखळीत एक कार्बन आणि दोन हायड्रोजन वाढले की साडेसहाशेच्या आसपास भर पडते. आकडे इतक्या शिस्तीत चढतात की मुले ते पाठ करून मोकळी होतात, आणि शिक्षकाने त्यांना अडवायचे ते नेमके इथेच. टाकीत मोल भरत नाहीत. ग्रॅमचा हिशेब मांडला की तेच आकडे २२.७, २९.७, ३३.६ आणि ३६.१ होतात, पेट्रोल ४५च्या घरात राहते. अल्कोहोलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला असतो. मेथेनॉलच्या वजनात तो निम्मा भरतो, ब्युटेनॉलमध्ये जेमतेम २२ टक्के. अल्कोहोल म्हणजे थोडे आधीच जळून बाटलीत आलेले इंधन.

प्रयोगाला फारसे साहित्य लागत नाही. स्पिरिटचा दिवा, तांब्याचे भांडे, तापमापी आणि चांगला तराजू. दिव्याचे वजन आधी घ्यायचे, १०० ग्रॅम पाणी २० अंशांनी तापवायचे, दिवा झाकून पुन्हा वजन करायचे. पाण्याला ८.३६ किलोज्यूल लागले, म्हणजे पुस्तकाप्रमाणे इथेनॉल ०.२८ ग्रॅम जळायला हवे. वर्गात त्याच्या दुप्पटही जळते. ज्योत वाऱ्याने हलते, भांड्याच्या कडेने उष्णता निसटते, ब्युटेनॉल लावले तर तळाला काजळी धरते.

मुलांचा आकडा निम्मा आला की वहीत पुस्तकातला आकडा उतरवून घेण्याची पद्धत अनेक शाळांत आहे. ती बंद झाली पाहिजे. हरवलेली उष्णता शोधणे हाच त्या तासाचा खरा अभ्यास. मेथेनॉल मात्र मुलांच्या हाती देऊच नये: ते विषारी आहे, डोळे घालवते, आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. जळत्या दिव्यात तर कुठलेच स्पिरिट ओतू नये.

वर्गातला हा हिशेब पेट्रोलपंपावरही लागतो. भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यांत महाराष्ट्रातले मनमाड आणि मिरज होते. आता पंपावर वीस टक्के मिश्रण मिळते आणि घरोघरी ‘गाडीचा ॲव्हरेज पडला’ ही तक्रार ऐकू येते. लिटरमागे ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटते, हे दहावीचा विद्यार्थीही गुणाकार करून दाखवू शकतो. इथेनॉलचा ऑक्टेन अंक मोठा असल्यामुळे त्यासाठी बांधलेले इंजिन यातला काही तोटा भरून काढते. जुन्या गाडीला ते साधत नाही. फळ्यावर मोल, ग्रॅम आणि लिटर असे तीन रकाने शेजारी शेजारी आखले, तर ही तक्रार घेऊन आलेल्या पालकाला त्याचे मूलच उत्तर देईल.