चैत्री पुनवेला, हिंजवडीला



मुळशी तालुक्यात चैत्र म्हणजे यात्रांचा महिना.

लेकी माहेरी येतात.
नवी जोडपी देवदर्शनाला निघतात.
घरातलं तान्हं बाळही पहिल्यांदा यात्रा बघतं.

आणि चैत्र पौर्णिमेला,
हिंजवडीत ग्रामदैवत म्हातोबाचं बगाड, म्हणजे यात्रेचा लाकडी गाडा, निघतं.

आयटी पार्कमुळं हिंजवडी जगाला ठाऊक झाली.
पण हे गाव मूळचं म्हातोबाचं!
बगाड हिंजवडीहून वाकडला जातं.
वाटेभर माणसंच माणसं,
आणि चांगभलंचा गजर.
अंगावर काटा येतो, खरंच.

गावोगावच्या यात्रांत मग कुस्त्यांचा फड,
रात्री तमाशा,
आणि पाहुण्यांनी भरलेलं घर.

तेव्हा लक्षात ठेवा,
चैत्र पौर्णिमा, हिंजवडी.

ऊन कडक असतं.
पाणी सोबत घ्या.
गर्दीत लहानग्यांचा हात सोडू नका.