प्लॅटफॉर्मवरचं पाणी

(लोणावळ्याच्या तरुण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



लोणावळ्याला माणसं भिजायला येतात. पावसाळा लागला की मुंबई-पुण्याहून गाड्याच्या गाड्या येतात, भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसतात, पाणी अंगावर घेतात, भाजलेलं कणीस खातात, चिक्कीचे पुडे बांधून घेतात आणि जातात. जाऊ द्या. मी आज दुसऱ्याच भिजण्याची गोष्ट सांगायला उभा आहे. तीही रेल्वेच्याच गावातली.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ जर्मिस्टन नावाचं स्टेशन आहे. साल 1972. प्लॅटफॉर्म धुणारा एक गोरा रेल्वे कर्मचारी काळ्या बायकांच्या अंगावर पाणी उडवत होता. आता हा काही फार मोठा अत्याचार नव्हे, असं कोणी म्हणेल. पाणीच तर आहे. वाळेल. पण म्थुली का शेझी नावाच्या एका पोराला ते सहन झालं नाही. त्याने अडवलं, बाचाबाची झाली. पुढे 12 डिसेंबरला त्याच स्टेशनवर त्याला येणाऱ्या गाडीपुढे ढकललं गेलं. 17 डिसेंबरला तो हॉस्पिटलात मेला. वय 25.

हा शेझी कोण? झुलूलँड विद्यापीठातला विद्यार्थी पुढारी, ब्लॅक पीपल्स कन्व्हेन्शनचा उपाध्यक्ष आणि नाटककार. त्याच्या नाटकाचं नाव ऐका: ‘शांती’. नाव आपल्या इकडचं, कारण शांती ही भारतीय वंशाची पोरगी आहे. 1860 पासून नाताळच्या ऊसमळ्यांत आपल्या देशातून गिरमिटिये नेले, त्यांच्या वंशातली. तिचं प्रेम थाबो नावाच्या आफ्रिकन पोरावर. त्यांचा दोस्त कूस, सरकारी भाषेत ‘कलर्ड’, म्हणजे मिश्र रक्ताचा. थाबोवर खोटा खुनाचा आळ येतो, तो तुरुंगातून निसटतो, मोझांबिकात गनिमांना जाऊन मिळतो आणि तिथेच मरतो.

प्रेमकथा आहे का? आहे. पण गोऱ्या सरकारने कायद्याने तीन पेट्यांत भरलेली तीन माणसं एका चौकटीत उभी करून हा पोरगा सांगतो की आम्ही तिघंही काळे. कातडीचा रंग मोजून नव्हे, लाथ कोण खातो ते बघून काळे. स्टीव्ह बिको आणि त्याचे साथी हेच सांगत होते. आता आपल्याकडे या. त्याच 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि 1973 च्या जाहीरनाम्यात दलित कोण, याची व्याख्या आली: अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन शेतमजूर, गरीब शेतकरी, स्त्रिया. दोन समुद्रांपलीकडची पोरं, एकमेकांची तोंडं न पाहिलेली, एकच हिशोब मांडत होती. फरक इतका की आपण तो पत्रकात मांडला आणि शेझीने नाटकात.

नाटक त्याच्या मरणानंतर, 1973 मध्ये पीपल्स एक्स्पेरिमेंटल थिएटरने केलं. हा गट लेनेशियाचा, म्हणजे जोहान्सबर्गबाहेर भारतीयांसाठी वेगळी काढलेली वस्ती. सरकारने काय केलं? पुढे 1975-76 ला चळवळीतल्या पोरांवर जो मोठा खटला चालवला, त्यात हे नाटकच आरोपाचा भाग करून कोर्टात आणलं. डिसेंबर 1976 मध्ये नऊ जणांना शिक्षा झाल्या. लिहिणारा आधीच मेलेला. तरी त्याची वही कोर्टात उभी!

इथे मला आपल्याबद्दल एक कडू गोष्ट बोलायची आहे. राग आला तर येऊ द्या.

प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका 1977 ची. महाड 1927 ला झालं, राज्यघटना 1950 ला आली, आणि 1977 ला एका तरुण लेखकाला घोटभर पाण्यावरच लिहावं लागलं, ही त्या नावातली चपराक आहे. गज्वींनी पुढे ‘किरवंत’, ‘तनमाजोरी’ लिहिली, 2019 ला नागपूरच्या नाट्यसंमेलनाचे ते अध्यक्ष झाले. चांगलंच झालं. पण ‘घोटभर पाणी’चं आपण काय केलं? स्पर्धेला नेलं. एकांकिका स्पर्धांमधून ती गाजली, पुन्हा पुन्हा झाली. पहिल्या रांगेतल्या पांढरपेशांनी डोळे पुसले, टाळ्या वाजवल्या, आणि आपली पोरं ढाल घेऊन एस्टीने घरी आली. शेझीच्या नाटकाला आरोपपत्र मिळालं, आपल्याला ढाल. त्यात लेखकाचा दोष नाही. दोष आपला, की ती एकांकिका ज्या पाणवठ्यावर व्हायला हवी होती, तिथे ती फार कमी वेळा नेली.

आणि ज्यांनी वस्तीत नेलं त्यांचं काय झालं, तेही पुण्याला माहीत आहे. कबीर कला मंच 2002 च्या गुजरातनंतर पुण्यातल्या पोरापोरींनी सुरू केला. डफ, गाणं, पथनाट्य. 2011 ला दहशतवादविरोधी पथकाने यूएपीएखाली गुन्हा लावला. आरोप माओवाद्यांशी संबंधाचा, मंचाने तो नाकारला. शीतल साठे आणि सचिन माळी 2 एप्रिल 2013 ला विधानभवनासमोर जाऊन उभे राहिले, हे शरण येणं नाही, सत्याग्रह आहे, असं सांगत. 2020 च्या सप्टेंबरात याच मंचाच्या तिघांना एल्गार परिषदेच्या प्रकरणात अटक झाली. म्हणजे आरोपपत्र आपल्याकडेही मिळतं. कुठे प्रयोग करता, त्यावर आहे.

आता तंत्राचं बोलू. कारण शिबिरात प्रत्येक वेळी कोणीतरी उठून विचारतं, सर, स्टेज कुठून आणायचं, लाइट कुठून आणायचे?

1981 ला पर्सी म्ट्वा आणि म्बोंगेनी न्गेमा या दोन नटांनी बार्नी सायमनबरोबर ‘वोझा अल्बर्ट’ रचलं. नट दोनच. तेच पोलीस, तेच कैदी, तेच वीटभट्टीवाले, तेच म्हातारी. गोरा माणूस दाखवायचा झाला की नाकावर गुलाबी गोळा चढवायचा. संपला गोरा माणूस! मेकअपला दमडी नाही. येशू वर्णद्वेषी आफ्रिकेत परत आला तर काय होईल, एवढीच कल्पना. शेवटी कबरस्तानात अल्बर्ट लुथुलीला, बिकोला नावं घेऊन उठवतात. मनात आणा, वरळीच्या नाक्यावर दोन पोरं उभी आहेत आणि 10 जानेवारी 1974 ला मोर्च्यावर वरून टाकलेल्या दगडाने मेलेल्या भागवत जाधवला हाक मारून उठवताहेत. लागेल स्टेज?

तो गुलाबी गोळा आपल्याला नवा नाही. जोतीराव फुल्यांनी 1855 ला ‘तृतीय रत्न’ लिहिलं तेव्हा ते 28 वर्षांचे होते. गरोदर कुणबिणीला लुबाडणारा जोशी, आणि मधेमधे घुसून त्याचं सोंग उघडं पाडणारा विदूषक. दक्षिणा प्राइझ कमिटीने नाटक नाकारलं. कमिटीत कोणाचं वजन होतं, हे सांगायला नको. मराठी नाटकाचा इतिहास सांगताना विष्णुदास भाव्यांपासून किर्लोस्करांपर्यंत मोठी उडी मारतात, तिच्याखाली हा विदूषक दडपलाय.

राहता राहिला विषय. मावळात बसून विषय शोधताय? या डोंगरावर वळवण, शिरोता, लोणावळा ही टाटांची तळी आहेत. इथला पाऊस अडवायचा, नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडायचा, त्यावर वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, हे 1915 पासून चाललं. आणि त्या गिरण्यांत विणकामाच्या खात्यात अस्पृश्याला घेत नव्हते. का? धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, थुंकीने विटाळ होई. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या वेळी कम्युनिस्टांना हाच जाब विचारला. बघा, मावळचं पाणी वीज होऊन गिरणीत चालतं, आपल्या माणसाची थुंकी चालत नाही. दोन नट, एक बादली, एक धोटा. याहून काय पाहिजे?

आणि ते जुनं वाटत असेल तर 9 ऑगस्ट 2011 घ्या. क्रांतिदिन. पवनेचं पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं, शेतकरी बौरला एक्स्प्रेस वेवर उतरले, गोळीबार झाला, तीन मेले. त्यात एक बाई होती. आपल्यापैकी कित्येक जण पिंपरी-चिंचवडमध्ये राहतात, तोच नळ सकाळी उघडतात. नाटक तिथून सुरू करा. नळ उघडणाऱ्यापासून, म्हणजे आपल्यापासून. शेतकऱ्याची बाजू घ्यायची आणि त्याच्या गावात आपला पाणवठा कुठे होता तेही विचारायचं. दोन्ही एकाच प्रयोगात. अवघड आहे, होय.

तर ठरवू. लिहिणारे चार जण आज रात्री इथेच थांबतील. पहिला प्रयोग 25 डिसेंबरला देहूरोडला. 1927 ला त्या तारखेला महाडला मनुस्मृती जाळली, 1954 ला त्याच तारखेला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. त्या दिवशी माणसं आपणहून येतात, पत्रकं वाटावी लागत नाहीत. दुसरा प्रयोग कामशेतच्या बाजारात. स्पर्धेचा फॉर्म कोणी भरायचा नाही. बादली माझी. ढोलकी कोणाकडे आहे? हात वर करा.