मोटार वाटेत बंद पडते तेव्हा

देवासहून इंदूरमार्गे धारला निघालेली जुनी अ‍ॅम्बॅसडर वैशाखातल्या दुपारी वाटेतच बंद पडते आणि अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. मिस्त्रीकडे नेली, तर दोष सापडत नाही. मग अंदाजाने एकेक भाग बदलला जातो. पैसा जातो, दोष मात्र राहतो. हीच गाडी उद्या मानपूरच्या घाटात, मागे मालमोटारी असता, थांबली तर जिवावर बेतेल.

हा दोष उष्णतेत प्रकटतो आणि थंडाव्यात लपतो. म्हणून त्याचे निदान गाडी बंद पडताक्षणीच करावे. गाडी कडेला घ्यावी व पेट्रोल कोठे गळत नाही, याची खात्री करावी. मग प्लगच्या वायरीला एक जादा प्लग लावून तो इंजिनाच्या धातूवर टेकवावा, हाती धरू नये, आणि दुसऱ्याने इंजिन फिरवावे. ठिणगी पिवळट असेल वा नसेलच, तर तापलेल्या कॉइलवर किंवा कंडेन्सरवर संशय घ्यावा. ठिणगी निळी व ठळक असेल, तर टाकीचे झाकण सैल करावे. हवा आत शिरल्याचा आवाज होऊन गाडी चालू झाली, तर झाकणाचे छिद्र बुजले आहे. तसे नसल्यास पेट्रोलपंपावर ओले फडके ठेवावे. त्याने गाडी चालू झाली, तर पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडला होता.

जे दिसले ते टिपून मिस्त्रीला द्यावे आणि मगच भाग बदलावा.