पटावरच्या खेळांना पारखी हवेत



आपल्या दिवा स्थानकाहून सुटणारी सावंतवाडीची गाडी इथल्या कितीतरी कोकणी कुटुंबांना घरच्यासारखी आहे. गणपतीला, शिमग्याला हीच गाडी पकडायची. ती जिथे थांबते, त्या सावंतवाडीत एक जुना पत्त्यांचा खेळ आजही हाताने रंगवला जातो: गंजिफा. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात आश्रय दिला म्हणून ही कला टिकली. गोल, लाखेने चकाकणारी ती पानं आपण कौतुकाने पाहतो, विकत घेतो, चौकटीत बसवून भिंतीवर लावतो. डाव मात्र क्वचितच मांडतो, आणि खेळ म्हणून त्याचे गुणदोष सांगणारं लेखन तर त्याहूनही विरळ.

मराठीत नाट्यसमीक्षेची मोठी परंपरा आहे. पुस्तकांची परीक्षणं येतात, चित्रपटांची येतात. चार माणसं तासन्‌तास ज्याभोवती बसतात, त्या पटावरच्या खेळालाही तशीच जबाबदार समीक्षा मिळाली पाहिजे. आज मला हेच सांगायचं आहे, आणि ती समीक्षा कशी करावी तेही.

खेळांची नोंद ठेवण्यात आपण मागे नव्हतो. औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण व्यंकटराम यांनी 1871 साली ‘बृहज्ज्योतिषार्णव’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातलं ‘क्रीडाकौशल्य’ हे प्रकरण सबंध खेळांवरचं आहे. ज्ञानदेवांशी परंपरेने जोडल्या जाणाऱ्या मोक्षपटासारख्या सापशिडीच्या पटांवर याकोब श्मिट-मॅडसन या अभ्यासकाने कोपनहेगन विद्यापीठात 2019 साली प्रबंध सादर केला. म्हणजे नोंद झाली, संशोधनही झालं. परीक्षण हे तिसरं काम. हा खेळ आज कोणी, कोणाबरोबर, कशासाठी खेळावा, हे त्यातून कळायला हवं.

आता गंजिफेचंच परीक्षण करून पाहू. दशावतारी गंजिफेत 120 पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पानं. तिघांनी खेळायचं, प्रत्येकाला 40 पानं. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची पहिली उतारी, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. हुकूम नसतो. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या निम्म्यांत नेमकं उलट.

यावर परीक्षकाने काय म्हणावं? हुकूम नसल्यामुळे एका जोरदार पानावर डाव पालटत नाही. कोणती पानं पडून गेली, हे ज्याच्या ध्यानात राहतं त्याचे हात होतात. उलटसुलट क्रमामुळे तेच पान एका रंगात बलवान, दुसऱ्यात दुबळं ठरतं आणि डोकं सतत जागं राहतं. हे गुण. दोष असा, की नवख्याला दहा रंग ओळखणंच जड जातं आणि 40 गोल पानं हातात धरणं त्याहून जड. म्हणून माझा निकाल असा: मेंढीकोट, बदामसात यांत मुरलेल्या तिघांनी एखादा रविवार राखून ठेवावा आणि पहिले काही डाव गुण न मोजता खेळावेत. एवढ्या निकालाने वाचकाला निर्णय घेता आला, तर परीक्षणाचं काम झालं.

जर्मनीत समीक्षकांनी हे काम फार गांभीर्याने केलं. 1978 मध्ये त्यांनी ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातल्या उत्तम खेळाचा पुरस्कार, सुरू केला आणि 1979 मध्ये पहिला मान डेव्हिड पार्लेट यांच्या ससा-कासवाच्या शर्यतीला मिळाला. खेळाची कल्पना किती नवी, नियम किती स्पष्ट, पट आणि सोंगट्या किती नीट घडवलेल्या, असे त्यांचे निकष. 1995 मध्ये क्लाउस टॉयबर यांच्या ‘कटान’ला हाच पुरस्कार मिळाला. त्यात फासे दुसऱ्याने टाकले तरी माल तुम्हाला मिळू शकतो, आणि दुसऱ्याच्या पाळीत तुम्ही त्याच्याशी देवघेव करू शकता. म्हणून कोणी फार वेळ रिकामं बसत नाही.

याच्या शेजारी आपला घरोघरचा ‘व्यापार’ ठेवून पाहा. त्याचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या ‘लँडलॉर्ड्स गेम’मध्ये आहे. जमीनदारीचा अन्याय दाखवण्यासाठी त्यांनी तो रचला आणि 1904 मध्ये पेटंट मिळवलं. आपल्या घरात ‘व्यापार’ खेळताना जे मूल आधी कफल्लक होतं, ते उरलेला वेळ कोपऱ्यात बसून इतरांचा खेळ बघतं. म्हणून परीक्षकाने हा प्रश्न दरवेळी विचारावा: मागे पडलेल्या माणसाला हा खेळ काय करू देतो?

मुंबईच्या झैन मेमन यांनी रचलेल्या ‘शासन’चंही उदाहरण घ्या. निवडणुकीचा हा खेळ. सार्वजनिक धोरणावरच्या प्रश्नाला तुम्ही उत्तर द्यायचं. त्या उत्तरावरून तुमची विचारसरणी ठरते, पैसा, प्रसिद्धी, विश्वास अशी साधनं मिळतात आणि त्यांच्या बळावर मतदार गोळा होतात. परीक्षकाने इथे बारकाईने पाहावं. पहिल्या डावात माणूस मनापासून उत्तर देतो. खेळ अंगवळणी पडला की कोणतं उत्तर आपल्याला काय मिळवून देईल, याचा अंदाज तो बांधू लागतो. खेळाची खरी धार तिथेच आहे, आणि एका बैठकीवर परीक्षण लिहिणाऱ्याला ती सापडणार नाही.

भूमिका घेऊन खेळायच्या कथाखेळांचं परीक्षण सर्वांत अवघड. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये आला. एकजण निवेदक, बाकीचे पात्रं, संवाद जागच्या जागी सुचतील तसे. कोकणातल्या माणसाला हे परकं वाटू नये. दशावतारी नाटकातही लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, भूमिका वाटल्या जातात आणि नट रंगमंचावर उभ्याउभ्या संवाद रचतात.

अडचण अशी, की रात्र रंगली ती नियमपुस्तकामुळे की निवेदकामुळे? म्हणून असा खेळ किमान दोन निराळ्या निवेदकांबरोबर खेळावा. नवशिक्या निवेदकाला पुस्तक किती आधार देतं ते पाहावं. आणि नियम कशाचं बक्षीस देतात, हे शोधावं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या जुन्या नियमांत खजिना मिळवल्याबद्दल अनुभवाचे गुण मिळत, म्हणून शहाणे खेळाडू लढाई टाळून युक्तीने सोनं पळवत. ज्या कृतीला बक्षीस, तिकडे खेळ वळतो. पुस्तकाच्या वेष्टणावर शौर्याच्या कितीही गोष्टी छापल्या, तरी परीक्षकाने हा हिशेब वाचकापुढे मांडायलाच हवा.

शेवटी आपल्या गावाबद्दल. दिव्यातला माणूस लोकलने दमून घरी येतो. एका खोलीत स्वयंपाक, अभ्यास, झोप सगळं असतं. त्याच्यासाठी लिहिताना पट किती जमीन अडवतो, डाव मध्येच थांबवता येतो का, आजी आणि नात एकत्र बसू शकतात का, इंग्रजी नियमपुस्तिका मराठीत समजावून सांगायला किती वेळ लागतो, हे लिहिलंच पाहिजे. हजारो रुपयांचा डबा घेणाऱ्या कुटुंबाला एवढी माहिती मिळण्याचा हक्क आहे. आणि परीक्षकाला खेळ फुकट मिळाला असेल, तर त्याने ते पहिल्याच परिच्छेदात सांगावं.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. आपल्या वाचनालयांनी खेळांसाठी एक फळी राखावी, आणि प्रत्येक डब्यात एक वही ठेवावी. जो खेळ घरी नेईल त्याने परत करताना त्या वहीत लिहावं: किती जण होतो, किती वेळ लागला, कुठे अडलो, कुठे रंगलो, पुन्हा खेळू का. अशा वह्या भरत गेल्या, की त्यांतूनच मराठीला खेळांचे पारखी मिळतील.